पाण्याची ओटी

आमच्या घरात औषध म्हणजे एकच वस्तू होती, आणि ती आजारी माणसाला द्यायची नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या नळयोजनेवर कामाला होते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यांचा हुद्दा 'पाणीपुरवठा मजूर' असा होता. गाव त्यांना पाणीवाले अण्णा म्हणायचं. सकाळी आई चुलीपुढून विचारायची, "औषध भिजवलं का?" आणि अण्णा बाहेरून म्हणायचे, "भिजवलंय, निवळतंय." हे औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती रांजणात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी बारीक तोटीनं टाकीच्या पाण्यात सोडायचं. अण्णांच्या सदऱ्यांना त्या औषधानं भोकं पडलेली असत, बोटांची कातडी सोललेली असे, आणि ते जेवायला बसले की कालवणाच्या आधी त्यांच्या हाताचाच वास यायचा. ताप आला तर आमच्याकडे गोळी असायची, खोकल्याला काढा असायचा. औषध फक्त पाण्याला. एकाच शब्दाचा घरात एक अर्थ आणि उंबऱ्याबाहेर दुसरा असू शकतो, हे मला अठरा वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मॅट्रिक पास झाले होते ना मी! शास्त्रात तर शाळेत पहिली. त्यामुळे माझं डोकं जरा वरच असायचं.

गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, कालव्याच्या कडेचं. कालव्याला पाणी सुटलं की ते गावाबाहेरच्या तळ्यात भरून घ्यायचं आणि तिथून इंजिनानं उचलून फिल्टरवर आणायचं. फिल्टरशेजारीच पंचायतीनं दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यात आम्ही तिघं राहायचो, अण्णा, आई आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन पारनेरकडे गेली होती. दिवसभर इंजिनाची तुकतुक चालायची. ते बंद पडलं की बोलता बोलता आम्ही तिघंही गप्प व्हायचो, इतकी त्याची सवय. तुरटीचे खडे पोत्यात बांधून पाण्याच्या वाटेत लटकवलेले असत. पाणी त्यांना घासून हौदात जायचं, तिथे गाळ बसायचा, मग ते वाळूतून झिरपून खाली उतरायचं. आठवड्यातून दोनदा ती वाळू उलट्या पाण्यानं धुवायची. खालून जोरात पाणी सोडलं की सगळी वाळू उकळल्यासारखी व्हायची आणि साठलेली घाण वर यायची. अण्णा त्याला 'फिल्टरला ओकवायचं' म्हणायचे. लहानपणी बाकीच्या मुली भातुकली मांडायच्या तेव्हा मी फुटक्या गाडग्यात वाळू भरून ओढ्याचं गढूळ पाणी गाळत बसायचे. आई म्हणायची, "हिला सासरी काय नळाचं काम सांगनार हायत का?"

बहात्तरच्या दुष्काळाच्या त्या दोन वर्षांबद्दल इतकं बोललं गेलंय की मी नव्यानं काय सांगणार. मला आठवतो तो मायलो. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी परातीत थापताना तुटायची, तव्यावर टाकताना तुटायची आणि घशाखाली उतरताना अडायची. आई तिच्यात हुलग्याचं पीठ मिसळायची. संध्याकाळी बऱ्याचदा शेंगोळे असत, हुलग्याच्या पिठाचे बोटाएवढे वळलेले तुकडे, लसूण-मिरचीच्या पाण्यात रटरटणारे. परवा माझ्या सुनेनं कुठल्याशा हॉटेलात शेंगोळे खाल्ले आणि घरी येऊन मला त्याची कृती सांगितली. मी ऐकून घेतली. शेंगोळ्याला पाणी भरपूर लागतं, आणि आमच्या तळ्यातलं पाणी रोज बोटभर खाली जात होतं, हिरवं होत होतं. गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं आणि मजुरीबरोबर खायला मिळणारी सुकडी घेऊन परत यायचं. नळाला दिवसाआड पाणी, तेही पाऊण तास.

या सगळ्यात माझ्याकडे एक काम होतं, ओटी बघायचं. नगरहून पाणीपुरवठ्याचे साहेब दोन-तीन महिन्यांनी जीपमधून यायचे. त्यांनी अण्णांना एक लाकडी पेटी दिली होती. त्यात काचेच्या दोन नळ्या, रंगांचा एक तक्ता आणि एक तपकिरी बाटली होती. बाटलीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, साहेबांनी त्याची दोन अक्षरं केली, ओटी. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पाणी पांढरंच राहिलं तर औषध पोचलं नाही. फिका पिवळा आला तर बरोबर. केशरीकडे गेला तर जास्त झालं. थेंब टाकल्यावर थोड्याच वेळात बघावं लागायचं. नळी तशीच ठेवली तर रंग बदलत जायचा आणि मग त्याला काही अर्थ नसायचा. आईला त्या नावाचं भारी हसू यायचं. ती बायकांना सांगायची, "आमच्याकडं रोज सकाळी पान्याची ओटी भरत्यात. खण-नारळ तेवढा ऱ्हायलाय." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ती ओटी कशासाठी भरतात हे मात्र त्यांतल्या एकीनंही कधी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

गोम अशी होती की अण्णांना तो पिवळा दिसायचा नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चौदा वर्षांची असेन. नळी उजेडाला धरून ते म्हणाले, "पांढरंच हाय की. अजून सोडतो." मी म्हटलं, "अण्णा, पिवळं झालंय." त्यांनी डोळे बारीक केले, नळी टोपीनं पुसली, पुन्हा धरली. "कुठंय?" पुढे कितीतरी वर्षांनी नगरच्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, जुना आहे म्हणाले. पण त्या सकाळी, नळी हातात असताना, अण्णा घाबरले होते. हे बाहेर कळलं तर काम जाणार, ही खोली जाणार. त्या दिवसापासून ओटी मी बघायची, वहीत आकडा मी लिहायचा, खाली सही अण्णांची. आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मीही काढला नाही. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायची. अख्खं गाव जे पाणी पितं ते पिण्याजोगं आहे की नाही हे फक्त मला माहीत असायचं.

एकदा वही चाळता चाळता साहेब अण्णांना म्हणाले, "तुमचे आकडे अगदी व्यवस्थित असतात हो. पण आता या योजनेला शिकलेला ऑपरेटर लागणार. शास्त्र घेऊन मॅट्रिक झालेलं कोणी असलं तर कळवा. पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स आहे. पाण्यात काय काय असतं ते सूक्ष्मदर्शकातून दाखवतात, हिशेबानं औषध घालायला शिकवतात. परत आला की इथेच पक्की नोकरी." मी दाराआड चहा गाळत होते. अर्धा चहा कपाबाहेर गेला. मला तो कोर्स हवा होता. हे साधं वाक्य मी तेव्हा कोणापाशी बोलले नाही, म्हणून आज लिहून ठेवते. मला तो कोर्स हवा होता. रोज बघत होते त्या पिवळ्याच्या मागे काय आहे हे मला बघायचं होतं, आणि वहीत आकड्याखाली माझी सही हवी होती. पुढचे दोन महिने मी मनातल्या मनात साहेबांशी बोलत होते. कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत विचारायचं, हे ठरवत होते.

तेवढ्यात तो कागद आला. दुष्काळात पाण्यातून पसरणाऱ्या रोगांचं भय, म्हणून पावडर वाढवा आणि लोकांना तशी समज द्या, असा नगरहून हुकूम होता. पण कागदात असं साधं कुठलं असायला! 'निर्जंतुकीकरणार्थ विरंजक चूर्णाची मात्रा वाढविणेत येत असून' अशी ती भाषा. ग्रामसेवकानं तो कागद कोतवालाच्या हातात दिला आणि स्वतः श्रीगोंद्याला निघून गेला. कोतवाल म्हणजे दगडूतात्या. डफडं वाजवून दवंडी द्यायची ती त्यांनीच. ते आमच्या ओट्यावर येऊन टेकले. "सुमे, ह्ये वाच जरा. निर्जन... निरजंतू... ह्याला हाडं तरी किती? माझी जीभच वळंना. सोपं करून दे पोरी."

मला काय, आयती संधीच मिळाली. वहीचा कागद फाडला, टाक घेतला आणि झोकात लिहून दिलं: ऐका हो ऐका, उद्यापासून नळाच्या पाण्यात जादा औषध सोडलं जाईल. वास आला तरी सगळ्यांनी तेच पाणी प्यावं हो. दगडूतात्यांना मी दोनदा वाचून दाखवलं. "औषध?" त्यांनी विचारलं. "हो, औषध," मी म्हटलं. "बरं बाई. तू शिकल्याली," असं म्हणून त्यांनी डफडं काखोटीला मारलं आणि गेले. त्यांनी गावात चार ठिकाणी, शब्द न शब्द, मी लिहिलं तसं ओरडून सांगितलं. उलट 'तेच पाणी प्यावं' हे दोनदा सांगितलं, लोकांच्या नीट ध्यानात राहावं म्हणून.

आता ज्यांना शेतातलं माहीत आहे ते इथवर वाचून कपाळाला हात लावतील. उसावर, कपाशीवर कीड पडली की जे मारतात त्याला गाव औषध म्हणतं. ते गोठ्यात उंच फळीवर ठेवतात. 'अमक्यानं औषध घेतलं' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. वरच्या आळीतल्या एका सुनेनं त्याच उन्हाळ्यात औषध घेतलं होतं. तिच्या तेराव्याला महिनाही झाला नव्हता. आणि त्या गावाला मी दवंडीतून सांगितलं होतं की उद्यापासून नळाला औषध येईल, सगळ्यांनी प्यावं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच गावात वाढले होते. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा रांजण होता, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाणी सोडलं तेव्हा एकाही नळाखाली घागर नव्हती. दुष्काळात, दिवसाआड येणारं पाणी, आणि ते मोकळं गटारीत वाहत होतं. अण्णा धावत येऊन चावी बंद करेपर्यंत सरपंच आणि दहा-बारा माणसं फिल्टरवर येऊन ठेपली.

"अण्णा, गावाला मारायचा इचार हाय का काय?" सरपंच म्हणाले.

"आवो, ह्ये त्ये औषध न्हवं," अण्णा म्हणाले. "ह्ये पान्याचं औषध. आन् आज न्हाई, पयल्या दिवसापास्नं टाकतोय. आठ वर्सं झाली."

यापेक्षा वाईट उत्तर दुसरं नसेल. "म्हंजी आठ वर्सं औषध पाजताय व्हय आमाला?" कोणीतरी ओरडलं, आणि मग आठ वर्षांत गावात जे जे बिघडलं होतं त्याचं खापर फिल्टरवर फुटायला लागलं. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचे केस गळाले होते, कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते. तेव्हा जिकडेतिकडे नसबंदीची शिबिरं चालू होती. दुपारपर्यंत पक्कं ठरलं की हे पोरं बंद करायचं सरकारी औषध आहे, आणि जादा सोडतात ते जादा पोरं असलेल्या घरांसाठी. गुरवानं देवाच्या अंघोळीला नळाचं पाणी घेणं बंद केलं. मी माणसांपुढे जाऊन तांब्याभर नळाचं पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "सवय झाली असंल पोरीला." मला रडू आलं नाही, संताप आला. हातातला तांब्या दगडावर आपटावा असं वाटलं. या लोकांना कसं सांगायचं? निर्जंतुकीकरण म्हटलं तर कळत नाही, औषध म्हटलं तर मरण कळतं. मधला शब्दच नव्हता. आजही लग्नात पाण्याचे थंडगार जार बघते तेव्हा मला तो दिवस आठवतो. ते पाणी कुठून आलं, त्यात कोणी काय घातलं किंवा घातलंच नाही, कोणी विचारत नाही. पितात. मी एकदा विचारलं तर मुलगा म्हणाला, "आई, लग्नात तरी नको."

गावानं ओढ्यात झिरे उकरले. वाळूत हात-दोन हात खड्डा करायचा, पाणी झिरपलं की वाटीवाटीनं भरायचं. वरच्या अंगाला जनावरं बसायची, माणसं परसाकडे त्याच ओढ्याला जायची. मला ते दिसत होतं. मी रोज सकाळी ओटी बघत होते, टाकीतल्या पाण्याला फिका पिवळा अगदी बरोबर येत होता, आणि ते प्यायला आम्ही तिघंच. सातव्या-आठव्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. खालच्या आळीत सहाजण आडवे झाले. दगडूतात्यांच्या कारभारणीला बैलगाडीत घालून श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, ती वाचली. सोनाबाई नावाच्या एक आजी होत्या, आमच्या वाटेवरच राहायच्या, मला शाळेतून येताना भाजलेले हरभरे द्यायच्या. त्या गेल्या. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मी तसं म्हटलं नाही. मी दगडूतात्यांकडे जाऊन म्हटलं, "माझ्या शब्दानं झालं, तात्या." ते म्हणाले, "मी वराडलो नसतो तर कुनाला ऐकू गेलं असतं?" आणि दुसरीकडे बघत बसले. गावाला मात्र शब्द कुणाचा होता हे नीट ठाऊक झालं होतं. मी रस्त्यानं निघाले की पोरं म्हणायची, "औषधवाली आली रं."

मग साहेब आले. जीप सरळ चावडीपुढे. गावात तोवर दुसरी बातमी उठली होती की पाणीवाला पावडर विकून खातो, म्हणून आजार आला. म्हणजे पावडर घातली म्हणून एकदा शिव्या आणि घातली नाही म्हणून पुन्हा. साहेबांनी पेटी मागवली. चावडीच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, स्वतः थेंब टाकले, नळी उंच धरली आणि म्हणाले, "हं, अण्णा. सांगा सगळ्यांना. रंग काय आला?"

पन्नासेक माणसं असतील. अण्णांनी नळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी बायकांत मागे उभी होते. मी थांबू शकले असते. मी थांबले नाही. "फिका पिवळा," मी मोठ्यानं म्हटलं. "बरोबर आहे. तक्त्यातला दुसरा खण."

"तुला कोणी विचारलं?" साहेब म्हणाले.

"साहेब," अण्णा म्हणाले, "मला दिसत न्हाई त्यो रंग. चार वर्सं हीच बघती. आकडं समदं तिचंच हायत."

साहेबांनी नळी खाली घेतली. मला वाटलं, झालं, गेलं काम. पण साहेब भले होते. त्यांनी वही मागितली, पानं उलटली, एका पानाशी थांबले, पुन्हा मागे गेले. मग नळाला तोंड लावून सगळ्यांदेखत पोटभर पाणी प्यायले. दगडूतात्या तिथूनच डफडं घेऊन निघाले आणि या खेपेला कोणाकडून काही लिहून घेतलं नाही. "सायेब नळाचं पानी प्यालेत हो," ते ओरडत गेले, "आन् उभं हायत अजून! आता तुमीबी प्या!" तेवढ्यानं काम झालं. संध्याकाळी नळावर भांडणं लागली. मी शास्त्रात पहिली आले होते, पण एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

खरी गोष्ट त्याआधी घडली, चावडीवरच, माणसं पांगायच्या आत. साहेब अण्णांना म्हणाले, "तुम्हाला काढत नाही मी. चाव्या फिरवायला माणूस लागतोच. पण फिल्टरला ऑपरेटर हवा." मग माझ्याकडे वळले. "हिलाच पाठवू या का कोर्सला? बाई आजवर कोणी गेलेली नाही, पण मी वर लिहितो. पुण्याला माझी बहीण असते, तिच्याकडे राहील. काय अण्णा?"

दोन महिने मी जे वाक्य मनात घोळवत होते ते साहेबांनी माझ्या आधी म्हटलं होतं. मला काही विचारायलाच लागलं नाही. मला आनंद मावेना. मी अण्णांकडे बघितलं. हो म्हणायला किती वेळ लागतो?

"नगं साहेब," अण्णा म्हणाले. "गावानं आधीच पोरीला औषधवाली करून ठिवलंय. दोन जागा आल्त्या, दोन्ही माघारी गेल्या. तिचं लगीन हुयाचंय. ह्या कामात तिचं नाव नगं."

चावडीवरची माणसं माना डोलवायला लागली. बापानं शहाणपणा केला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जी माणसं पंधरा दिवसांपूर्वी अण्णांना मारायला निघाली होती तीच. साहेब एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "जशी तुमची मर्जी. दुसरं कोणी बघतो. तो कोर्स करून येईपर्यंत आकडे हिच्याकडूनच घ्या," आणि जीपमध्ये बसले. मला कोणी काही विचारलं नाही. मी तोंड उघडून बोलायला हवं होतं, हे मला कळतं. नळीचा रंग सांगायला तोंड उघडलं, स्वतःचं सांगायला नाही उघडलं. याचा राग माझा माझ्यावर आहे, आणि अण्णांवरचाही पुरता गेलेला नाही. ते जाऊन वीस वर्षं झाली. त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं हे मी मुलांना नेहमी सांगते, आणि ते खरंही आहे. पुढे माझं लग्न चांगलं झालं, नागापूरला एमआयडीसीत वर्कशॉप असलेल्या माणसाशी. काही कमी पडलं नाही. तरी सांगते, गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे मायलोच्या भाकरी थापत होते. पाळी नव्हती, पण साहेबांनी त्या दिवशीही पाणी सोडायला सांगितलं होतं. गावात घागरींच्या रांगा लागल्या असणार. अण्णा नळी घेऊन दारात आले. थेंब टाकलेले होते. "बघ गं सुमे," ते म्हणाले, "पिवळं हाय का?"

मी मान वर केली. फिका, स्वच्छ पिवळा. इतका बरोबर रंग कित्येक महिन्यांत आला नव्हता.

"मला दिसत नाही," मी म्हटलं.

आई पीठ चाळत होती, ती थांबली. अण्णा रागावले नाहीत. नळी जरा पुढे धरून म्हणाले, "नीट बघ."

"बघितलं. नाही दिसत."

"राग माज्यावर काढ. गावावर नगं."

"ह्या कामात माझं नाव नको म्हणालात ना?"

"म्हनलो."

"मग डोळे कशाला हवेत माझे?"

ते नळी उजेडाकडे धरून तसेच उभे राहिले, स्वतः काही दिसतंय का ते बघत. मी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, दुसरा गोळा हातात घेतला. रंग आता बदलायला लागणार हे मला माहीत होतं. अण्णांना ते कळणार नव्हतं. ते अंदाजानं औषध वाढवणार होते किंवा अंदाजानं पाणी सोडणार होते, आणि ते पाणी दगडूतात्यांची अशक्त कारभारणी पिणार होती. माझा राग खरा होता, पण तो काढायला मला कुठे जागाच ठेवलेली नव्हती. मी हातातला गोळा परातीत टाकला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "सोडा पाणी."

अण्णांनी नळी ओट्यावर रिकामी केली, चावी उचलली आणि दोन पावलं जाऊन परत फिरले. "उद्याबी बघशील न्हवं?"

"उद्याचं उद्या विचारा."

त्यांनी विचारलं. दुसऱ्याच कोणाचा मुलगा कोर्स करून येईपर्यंत, सहा महिने, दारात उभं राहून रोज सकाळी विचारलं, पिवळं हाय का. तुला कोर्सला जायचं होतं का, हे एकदाही विचारलं नाही.